गिटारच्या मागे कुणीतरी

आज दुपारी पुन्हा वीज गेली. आमच्या गल्लीत वीज गेली की आधी आवाज मरतो आणि मग वास जागा होतो. शेजारच्या कारखान्यातले सगळे माग एकाच क्षणी थांबतात, आणि इतका वेळ खडखडाटामागे दडलेला तेलाचा, खळीचा, ओल्या रंगीत सुताचा वास खिडकीतून आत येतो. तो एरवीही असतोच, पण कान भरलेले असले की नाकाला कुणी विचारत नाही. आज तो वास आला आणि मी चिरत होते ती भाजी तशीच टाकून जमिनीवर बसून राहिले. दोन वर्षांपूर्वी वीज गेलेल्या एका दुपारी मला जे ऐकू आलं, त्याने बसलेला धक्का अजून अंगातून पुरता उतरलेला नाही. तो उतरावा असंही मला फारसं वाटत नाही.

मी गिटार शिकायला लागले ती चाळिशी उलटल्यावर. विम्याच्या कचेरीतून सुटले की सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या एका क्लासला जायचे. तिथे माझ्या शेजारी शाळकरी मुली बसायच्या आणि मला काकू म्हणायच्या. बोटांना घट्टे पडले तसा मला त्या लाकडी खोक्याचा लळा लागला. घरी मात्र या प्रकाराचं कौतुक नव्हतं. आम्ही विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू चालतं, दाराबाहेर मराठी, आणि हिशेब दोन्हींत. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, आईला अम्मा. नानांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावंच लागतं, म्हणून कारखान्यात ते ओरडत असतील. घरी मात्र ते जवळजवळ बोलतच नसत. रेडिओवर गाणं लागलं की दोन मिनिटांनी त्यांचा हात बटणाकडे जायचा. ‘पुरे,’ एवढंच म्हणायचे. गाणं या गोष्टीशी या माणसाचा काही संबंध नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. भिंतीला कान नसतात असं आपण धरून चालतो, तसंच.

मग त्यांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द बाहेर येणार नाहीत. उरला होता तो ‘ता’ असा एक आवाज. भूक लागली तरी ता, राग आला तरी ता, मी कामावर निघाले तरी ता. पहिले काही महिने ते झगडले. ओठ हलवायचे, कपाळावर शिरा यायच्या, आणि शेवटी तोच आवाज. मग त्यांनी तोही सोडून दिला. मधल्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अम्मा घास भरवायची तेव्हा तोंड उघडायचे, पण डोळे उघडायचे नाहीत. वाचेच्या उपचारांसाठी एक बाई यायच्या, त्यांच्याकडेही ते बघेनासे झाले. अम्मा एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, “ते निघालेत गं. शरीर तेवढं हितं हाय.” मलाही तेच दिसत होतं.

अशा दिवसांत मी गिटारचं ध्वनिमुद्रण करायला लागले, हे आता मला विचित्र वाटतं. पण घरात माणूस असा विझत असताना हाताला काहीतरी लागतंच. आमच्या क्लासचे सर म्हणाले होते, “तुमी एकदा सोताला ऐका की. वाजवताना ऐकू येतं ते येगळं, आणि खरं येगळं.” मी एक स्वस्तातला मायक्रोफोन घेतला, तो जोडायची एक जुनी डबी सरांनीच कुणाकडून तरी मिळवून दिली, आणि कचेरीच्या कामाचा जुना लॅपटॉप घरात होताच. पहिल्यांदा मुद्रण केलं, हेडफोन लावला आणि मी हबकले. गिटार कुठेतरी लांब, विहिरीच्या तळाशी वाजत होती. तिच्या वर पंखा, फ्रिज, पलीकडचे माग, अम्माच्या बांगड्या, आणि या सगळ्याच्या खाली एक सलग घूं. इतक्या आवाजांत आपण राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, हे कळून मला जवळजवळ भीती वाटली.

त्यानंतर स्वच्छ आवाजाचं मला वेडच लागलं. सोलापुरात चादरींना तोटा नाही. मधल्या खोलीला लागून, नुसत्या पडद्याआड माझी खोली. तिच्या तिन्ही भिंतींवर जाड चादरी टांगल्या, त्यांनी खोलीचा घुमारा पिऊन टाकला. माइक गिटारच्या भोकासमोर होता तो सरकवून तिची मान जिथे खोक्याला मिळते तिथे आणला, तर ढब्बक ढब्बक थांबलं आणि तार बोलायला लागली. आवाजाची पातळी मी हावरेपणाने चढवून ठेवली होती, सर म्हणाले, “कमी करा की. भांडं काठोकाठ भरलं की सांडतंच.” ती घूं मात्र जाईना. वायर बदलली, जागा बदलली, तरी ती असायचीच. शेवटी सरांनी फोनवर विचारलं, “लॅपटॉपचा चार्जर लावलाय व्हय? काढून बघा.” मी चार्जर काढला आणि घूं गेली. नुसती गेली नाही, पायाखालची फरशी काढून घ्यावी तशी गेली. राहिले ते शेजारचे माग. त्यांच्यावर मात्र इलाज नव्हता.

त्या दिवशी दुरुस्तीसाठी दुपारभर वीज बंद राहणार होती. मी रजा टाकली. लॅपटॉपची बॅटरी सकाळीच भरून ठेवली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अम्मा गच्चीवर सांडगे घालायला गेली होती. वीज गेली, माग थांबले, पंखा गरगरत निवला, फ्रिजने एक उचकी दिली आणि घर गप्प झालं. मी खिडक्या लावून घेतल्या. चादरींच्या त्या खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी मला सुख वाटत होतं. अंगठ्याने खालच्या सुराच्या दोन तारा आळीपाळीने छेडायच्या आणि वर बोटांनी थोडं काही, असा साधा सराव मी वाजवला. ठक ठक, ठक ठक, एका चालीत. मग हेडफोन लावून ऐकायला बसले.

आवाज स्वच्छ होता, धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा. मी खूश होऊन डोळे मिटले, आणि तेवढ्यात मला तो दुसरा आवाज आला. पुन्हा ती घूं, असं वाटून मी चिडले. मग लक्षात आलं की वीजच नाही, तर घूं येईल कुठून? मी तेवढा तुकडा पुन्हा लावला. आवाज चढवला. तो एका जागी थांबलेला नव्हता. वर जात होता, खाली येत होता, श्वास घ्यायला थांबत होता. पुरुषाचा आवाज होता. घरात कुणी शिरलंय, हा पहिला विचार. मी तिसऱ्यांदा ऐकलं. तो माझ्या गिटारच्या मागून चालत नव्हता. त्याची चाल त्याची स्वतःची होती, जुनी, ठरलेली; माझ्या अंगठ्याची ठकठक त्याने फक्त पायाखाली घेतली होती आणि दर वेळी नेमका समेवर उतरत होता.

मी हेडफोन काढला. घरात चिडीचूप. मधल्या खोलीच्या पडद्याआड नाना नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला ते खरं वाटेना. मी गिटार उचलली, पडद्याच्या फटीतून त्यांची पाठ दिसेल अशी बसले आणि पुन्हा तीच दोन तारांची चाल धरली. थोडा वेळ काही नाही. मग ती पाठ हलली. आणि नाना गायला लागले. वाकडं झालेलं तोंड, घोगरा, बारीक आवाज, पण सूर ताठ होता. त्यात शब्द होते. ‘दारम’ म्हणाले. तेलुगूत दारम म्हणजे दोरा. पाण्याचं नाव घेता न येणारा माणूस दोरा म्हणाला, मग पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा. मी अंगठा थांबू दिला नाही. थांबला तर ते थांबतील, एवढंच मला कळत होतं.

जिन्यावरून अम्मा उतरली. हाताला पीठ लागलेलं. दारातच ती थबकली.

“कोण गातंय गं?”

“नाना.”

“कायबी बोलू नको.”

मी मानेने पडदा दाखवला. तिने तो बाजूला केला, बघितलं, आणि उंबऱ्यावर बसली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “ह्यांना गाणं येतं?” जणू मी त्यांना तिच्याआधीपासून ओळखत होते. या माणसाबरोबर तिने आख्खा संसार केला होता आणि त्याचा हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

गाणं संपलं तसे नाना या कुशीवर वळले आणि आम्हाला बघून त्यांच्याही चेहऱ्यावर तोच धक्का आला. आपल्या तोंडातून शब्द निघाले हे त्यांना आमच्याइतकंच नवीन होतं. मी विचारलं, “कुणाचं गाणं, नाना?” त्यांनी ओठ हलवले. “अम्मा,” शब्द फुटला. माझ्या अम्माने पदर तोंडाला लावला. पण नानांनी मान हलवली, नाही. मग डाव्या हाताने हवेत हळूहळू एक चाक फिरवलं, आणि अम्माला कळलं. ती म्हणाली, “सासूबाई. सुताच्या कांड्या भरायच्या म्हणे, रहाट फिरवून.” नाना लहान असताना वारलेली त्यांची आई. तिचा साधा फोटोसुद्धा घरात नाही. नानांनी डोळे मिटून हो म्हटलं. हे गाणं ते मागावर म्हणत असतील, रोज, त्या खडखडाटात, जिथे शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. ते फक्त तिथेच गाता येत असेल, असं मला वाटतं. ते विचारून घेण्याइतके शब्द पुढे कधी मिळाले नाहीत.

वाचेच्या बाई ऐकून चकित झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. आता आपण तिथूनच जाऊ.” मी वाजवायचे आणि त्या चालीत नाना एकेक शब्द बसवायचे. पाणी. ऊन. पाठ. एके सकाळी त्यांनी कप खाली ठेवून, आईच्या चालीत, अगदी सुरात तक्रार केली, “चहात साखर न्हाय.” अम्मा हसता हसता रडायला लागली. नीट सरळ बोलणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, पण ते भिंतीकडे तोंड करून पडायचे थांबले. ते गाणं स्वच्छ मुद्रित करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. माइक त्यांच्यापुढे ठेवला की ते गप्प. शेवटी माइक गिटारसमोरच ठेवला, त्यांच्याकडे पाठ करून बसले, आणि अशाच एका वीज नसलेल्या दुपारी गाणं पूर्ण मिळालं. त्यात माझी गिटार पुढे आहे आणि ते मागे. मला ते तसंच बरोबर वाटतं.

गेल्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि नाना गेले. मुद्रण मी अधूनमधून ऐकते. अम्मा ऐकत नाही. तिला गरज नाही. तिला ते गाणं पाठ झालंय. निवडताना-टिपताना ती गुणगुणते, आणि ती म्हणते ते मी कान देऊन ऐकते, कारण त्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा थक्क करते. तिसऱ्या ओळीत एक शब्द आहे, तो कुठल्याच तेलुगूत नाही. आम्ही नातेवाइकांना विचारलं, जुन्या विणकर बायांना विचारलं. झटक्याने ओढल्या गेलेल्या ओठांतून नानांच्या तोंडून तो जसा वाकडा निघाला, तसाच अम्माने उचललाय, त्याच वळणाने, तेवढाच लांबवून. मूळ शब्द काय होता ते सांगणारं आता कुणी नाही. परवा माझ्या थोरल्या भावाच्या नातीला मांडीवर घेऊन अम्मा तेच म्हणत होती, आणि ती चिमुरडी तिच्या ओठांकडे बघत तो शब्द, बरोब्बर तसा, म्हणाली.