आधी मिस्त्री पितात

अमरावतीबाहेरच्या नव्या कॉलन्यांमध्ये असं एकही स्वयंपाकघर नसेल, जिथलं पाणी आमचे मिस्त्री प्यायलेले नाहीत. खरं तर आमचं काम उलटं. जे पाणी प्यायचं नाही, त्याची लाइन टाकायची. शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन जांभळ्या पाइपातून परत येतं. ते संडासाच्या टाक्यांना, बागांना, गाड्या धुण्याच्या दुकानांना आणि नांदगाव पेठेतल्या कारखान्यांना जोडून द्यायचं. मी कोकणातला, नववीत शाळा सुटलेला. चुलतभावाच्या ओळखीने इथे आलो तेव्हा मला फक्त पाना धरता येत होता. बाकी सगळं मिस्त्रींनी शिकवलं. त्यातला पहिला धडा असा की जोडणी झाली म्हणून काम होत नाही. घरच्या बाईने स्वयंपाकघरातल्या नळाचा पेला भरून द्यायचा, मिस्त्रींनी तो रिकामा करायचा, तेव्हा काम झालं.

तपासणी ते आधी करतच. प्यायच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद करून स्वयंपाकघरातला नळ सोडायचा. तरीही धार लागली तर समजायचं, दोन लाइनी कुठेतरी एक झाल्या. पण तपासणीवर लोकांचा विश्वास बसत नाही, पेल्यावर बसतो. फिल्टरचं पाणी मिस्त्रींना चालत नसे, चहा नको असे. एका वकिलीणबाईंनी हौसेने लिंबूसरबत आणलं तर म्हणाले, "वैनी, सरबतात गटारही गोड लागते. साधं पानी द्या." पाणी पिऊन झालं की अभिप्राय. "टाकी दिवाळीपासून धुतली नाही वाट्टे," असं ते एका घरी सासूसमोर बोलले आणि सुनेने दार लावून घेतलं. एवढं पाणी पोटात गेल्यावर पुढचंही आलंच. नव्या जोडणीची संडासाची टाकी आधी कोण वापरून बघणार, हा प्रश्न कुठल्याही घरी पडला नाही.

एकदा चर खणताना मी विचारलं, "मिस्त्री, एवढं पाणी कशाला पिता?"

"आमच्या आज्याले गावात वरतून पानी वाढत, ओंजळीत. भांड्याले हात लागू देत नव्हते," ते म्हणाले. "अन् आता पाहाय. मी प्यालो नाही तं घरातलं कोनी नळाले तोंड लावत नाही. मज्या हाय ना बावा? दे थो पाना."

मी पाना दिला. ते वाकून सांधा आवळू लागले.

मग मला एकट्याने करायला पहिलं घर मिळालं. जमलं तर कायम, नाही तर गावची गाडी, असं ठेकेदाराने बजावलं होतं. गावाकडे बायको, मुलगी, आणि मला दुसरं काही येत नाही. मी वॉल्व्ह बंद केला, नळ सोडला, कोरडा. पुन्हा सोडला, पुन्हा कोरडा. तरी तिसऱ्यांदा सोडून बघितला. मिस्त्री आले. दुसऱ्या कोणाची तपासणी त्यांनी कधीच मानली नव्हती, स्वतः परत करत.

"वॉल्व्ह पायला?"

"पायला."

"मंग घामेजून काहून राहिला?"

आणि वॉल्व्हकडे गेलेच नाहीत. सरळ त्या घरच्या काकूंपुढे हात केला, पेला घेतला आणि एका दमात संपवला. "काकू, पोट्ट्यानं चांगलं काम केलं. बिनधास्त प्या." मी पस्तिशीचा माणूस, बादली उचलायच्या निमित्ताने मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

यंदा डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून दिलंय. पायावर सूज येते. ते अकोल्याला लेकीकडे असतात. पेला आता मी पितो. बायका विचारतात, "फिल्टरचं देऊ का भाऊ?" मी म्हणतो, "नळाचंच द्या."

संध्याकाळी त्यांचा फोन येतो. "आज कोनाकडचं पानी पेला?"

मी सांगतो. बँकेतल्या साहेबांकडचं, नवी टाकी, जरा प्लास्टिकचा वास. किंवा गल्लीच्या टोकाला म्हातारीकडचं, माठात भरून ठेवलेलं, थंडगार.

"माठातलं चालत नाही लेका. नळाचं पेत जाय."

"नळाचं आधी प्यालो. माठातलं तिने आग्रहाने दिलं."

"मंग ठीक हाय. लय थंडं होतं?"

"लय."

तिकडून गिळल्याचा आवाज येतो. त्यांची लेक सांगत होती, दिवसाच्या मापातला शेवटचा घोट ते माझ्याशी बोलेपर्यंत राखून ठेवतात.