ओट्यामागच्या रेघा

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मायला नागपूरहून पांढुर्ण्याला आणत होतो, तेव्हा रेल्वेच्या डब्यातच तिनं आमची तपासणी सुरू केली. उजव्या डोळ्याची पट्टी सकाळीच निघाली होती. डावा डोळा पुढच्या वर्षी करायचा होता. काळा चष्मा नाकावर खाली ओढून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"बापा! तू त म्हातारा होऊन राहिला रे. कानापाशी सारे पांढरे झाले."

मग बाबांच्या काळ्या चेहऱ्याकडे वळली. "आन् तुमी काऊन इतके काये पडले?"

"मी कायाच होतो," बाबा म्हणाले. "लग्नातही कायाच होतो. तवा बरा दिसत होतो तुले."

डब्यातले लोक हसले. मायचं लक्ष त्यांच्या धोतरावर गेलं होतं. "हे निळीतून काढलं का? निळं निळं दिसून राहिलं."

डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. काही दिवस पांढरी वस्तू जरा निळसर दिसेल, घाबरायचं नाही. मी तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसली. झाडावरचं फळ वेगळं दिसतं, पान वेगळं दिसतं, हे ती दर थोड्या वेळानं आम्हाला सांगत होती.

घरी आलो. बायकोनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. हातपाय धुऊन माय सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि आत गेलेली माय बाहेर येईनाच.

या स्वयंपाकघराबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मी कधी आवाज खाली घेत नाही. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे, माय संत्रे तोडायला जायची, आणि त्यातून मी बी.कॉम. झालो. सरकारी दफ्तरात बाबूची नोकरी लागली तेव्हा मित्रांनी मोटरसायकली घेतल्या. मी आधी मायचं स्वयंपाकघर बांधलं. चुलीच्या धुरानं काळी झालेली कुडाची भिंत पाडली, विटांची उभी केली, ओटा घातला, आणि ओट्यामागे छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल लावल्या. मिस्त्री म्हणाला होता, रंगीत लावा, डाग दिसत नाहीत. मी म्हटलं, डाग दिसला पाहिजे, तरच माणूस पुसतो.

माय रोज पुसायची. सुनेला ती भाजी चिरू द्यायची, पोळ्या लाटू द्यायची, पण ओटा आणि त्यामागची भिंत तिच्याच हाताची. "माहा ओटा मीच पुसते." टाइल तिनं खरोखर आरशासारख्या ठेवल्या. पण दोन टाइलच्या मधल्या फटीत जी पांढरी भर असते, तिच्यात वर्षानुवर्षांची फोडणी उतरत गेली. तेलाचा धूर, हळद, तिखट. आणि इकडे मायच्या डोळ्यावर पडदा चढत गेला. दोन्ही गोष्टी इतक्या हळू झाल्या की तिला काही कळलं नाही.

मी दारात जाऊन उभा राहिलो. माय गॅसच्या मागच्या भिंतीला बोट लावून बघत होती.

"ह्या रेघा कायच्या होय?"

"टाइलच्या फटी आहेत, माय."

"थ्या त पांढऱ्या होत्या."

तिनं बोटानं एक रेघ वरून खाली घासत आणली आणि बोट उजेडात धरलं. खिडकीखालच्या रेघा पिवळ्या, गॅसमागच्या तपकिरी, आणि कुकर जिथं वाफ सोडतो तिथं जवळजवळ काळ्या.

"सूनबाई, तुले दिसत होतं?"

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "आत्याबाई, तुमी हात लावू देत नव्हत्या ना."

माय पाटावर बसली. चष्मा नीट डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "औंदा महालक्ष्म्या मोहगावले घेऊन जायले सांग तुह्या काकूले."

आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात. दोन मुखवटे आहेत, आजीनं जाताना थोरली सून म्हणून मायच्या ओटीत घातलेले. धाकटी काकू मोहगावला राहते, दरवर्षी आमच्याकडे जेवायला येते. घराण्यात एक रीत आहे. मुखवटे एकदा दुसऱ्या घरी बसले की ते त्या घरचे. परत मागायचे नाहीत. म्हणजे माय फक्त या वर्षाचं बोलत नव्हती. पाहुण्या बाया पुरण खाऊन "हात आहे बाई तुमचा" म्हणतात, त्या दिवसावर तिचं सगळं वर्ष उभं असतं. ते ती देऊन टाकत होती.

"माय, पागल झाली का?"

"नजर आली, डोकं कुठी गेलं नाही." मग जरा थांबून हळूच म्हणाली, "इतल्या बाया जेऊन गेल्या रे या घरातून. साऱ्यायनं पाहिलं असंन. कोणी एक शब्द नाही बोललं. आंधयी आहे बिचारी, म्हणून."

बाबा पुढच्या सपरीत, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दफ्तरातून निघालो तो टाइलच्या दुकानात गेलो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून अशी दुकानं बरीच झाली आहेत. दुकानदारानं मोबाइलमधला फोटो पाहिला आणि म्हणाला, "भैया, पूरी टाइल निकालो. आजकल ये सफेद कौन लगाता है?" मी म्हटलं, टाइल चांगली आहे, मधली फट खराब आहे. फटीसाठी मी भिंत फोडणार नाही. तेव्हा त्यानं नाइलाजानं फटीत भरायच्या पांढऱ्या पावडरची पिशवी काढून दिली. वर म्हणाला, मिस्त्री हवा असेल तर सांगा. नको म्हटलं. भिंत मी उभी केली होती, मायचं मन माझ्या घरात दुखावलं होतं. काम मीच करणार होतो.

आधी खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी. लेप करून रेघांवर लावला, थोडा वेळ ठेवला, दातांच्या जुन्या ब्रशनं घासला. खिडकीखालच्या रेघा बऱ्यापैकी उघडल्या. मला वाटलं, जिंकलो. पण गॅसमागच्या रेघा जशाच्या तशा. शेजारीण साखर मागायला आली होती. मला ओट्यावर भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेलं पाहून तिनं मायला विचारलं, "काय व बाई, पोराले शिक्षा देल्ली का मास्तरनं?"

"नाही व. बी.कॉम.ची परीक्षा देऊन राहिला पुन्हा," माय म्हणाली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली.

शेजारणीनं जाता जाता तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, टाकायला सांगितलं. बायको लगेच म्हणाली, "अजिबात नाही. आत्याबाईच्या डोळ्याला वाफ लागली तर?" तेजाबानं मधली भरच खाल्ली जाते, हेही मी कुठंतरी वाचलं होतं. मग एकच उपाय उरला. वरचा मळकट थर खरवडून काढायचा आणि नवी भर घालायची.

गॅस सपरीत नेला. लोखंड कापायच्या करवतीचं पातं अर्धं मोडून एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि बसलो. रेघ खरवडायची, ब्रशनं झाडायची, पुढची रेघ. पातं टाइलवर गेलं की ओरखडा उठतो, म्हणून हात आवरून धरायचा. वाटतं सोपं, पण मनगट भरून येतं. मायला खाली वाकायची, पाण्यात हात घालायची मनाई होती. ती काळा चष्मा लावून दारात खुर्ची टाकून बसली, रेल्वेच्या तिकीट तपासणाऱ्यासारखी.

"थो कोपरा राहिला."

"करतो."

"त्याच्याखालचा बी."

"माय, तू आत जाऊन झोप ना."

"डोया कायले केला मंग? पाहाले का झोपाले?"

खरं सांगायचं तर मला मजा येऊ लागली होती. दफ्तरातलं माझं काम संध्याकाळी कुठं दिसत नाही. इथं प्रत्येक रेघ माझ्यामागे साफ होत चाललेली दिसत होती. बायको मधूनच चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "आता हॉलची फरशी बी पाहून घ्या."

भरायचं काम रविवारी काढलं. फटी ओल्या केल्या, पिशवीवर लिहिलं होतं तितकंच पाणी घालून पावडर कालवली, खिडकीखालच्या रेघा भरल्या. बोटानं दाबायचं, ओल्या स्पंजनं टाइलवरचं जास्तीचं पुसून घ्यायचं. छान पांढऱ्या रेघा उमटत होत्या. तेवढ्यात बायकोनं जेवायला बोलावलं. बाबा आधीच जेवले होते. ते म्हणाले, "तू जेव. पुढचा माल मी कालवून ठेवतो."

जेवून आलो तर घमेल्यात माल तयार, ओला म्हणून जरा गडद दिसत होता इतकंच. आम्ही दोघांनी मिळून गॅसमागची सगळी भिंत भरली. बाबांचा हात माझ्याहून सफाईदार चालत होता. संध्याकाळी दिवा लावून पाहिलं, तेव्हा भर वाळली होती. खिडकीखालच्या रेघा पांढऱ्या. बाकी सगळी भिंत निळसर.

"बाबा, यात काय टाकलं?"

"कुठं काय? जराशी नीळ टाकली."

"नीळ?"

"मयकट दिसून राहिली होती तुही पावडर. नीळ टाकल्याबिगर पांढरं कसं उठंन?" बाबांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटत होतं. "चुन्यात टाकतच होतो ना आपण."

चुन्याची गोष्ट वेगळी, ही सिमेंटची पावडर आहे, पिशवीवर स्पष्ट लिहिलं आहे, आता हे परत खरवडावं लागणार, असं मी बरंच बोललो. आवाजही चढला. बाबा हातातला स्पंज पिळत उभे राहिले. तेवढ्यात मागून माय आली.

"बाजूले व्हय."

ती ओट्यासमोर उभी राहिली. चष्मा काढून सुनेच्या हातात दिला. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून ऑपरेशनच्या डोळ्यानं पाहिलं. मग हात बदलला. उजवा झाकून जुन्या डोळ्यानं पाहिलं, ज्याला सगळंच पिवळसर दिसायचं. परत हात बदलला. तिनं एकदा जरी नाक मुरडलं असतं, तरी मुखवटे मोहगावला जाणार होते.

"या डोयाले निळं दिसते," ती म्हणाली. "आन् याले बी निळंच दिसते. मंजे माहा डोया नाही बिघडला. तुमचं डोकं बिघडलं."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही, तेच कळत नव्हतं. माय आणखी जवळ गेली. गॅसमागच्या एका रेघेवर बोट ठेवून तिनं ते हळूहळू खालपर्यंत आणलं, आणि पहिल्या दिवसासारखंच उजेडात धरलं. बोट कोरडं आणि स्वच्छ.

"लग्न करून आली तवा मोहगावच्या आपल्या जुन्या घरी भिंती अशाच होत्या," ती म्हणाली, पण आम्हाला नाही, बाबांना. "तुमी चुना मारला का मंग महालक्ष्म्या बसत."

"नीळ जास्त झाली, मनून तुही सासू बोंबलत होती," बाबा म्हणाले.

"दरसाल जास्त टाकत होते तुमी."

"आन् दरसाल भिंती चमकत होत्या."

माय हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थ्या खिडकीखालच्या काऊन पांढऱ्या ठेवल्या? वेगया दिसून राहिल्या. थ्या बी करून टाक."

मी जे शिकलो त्याचा मला अभिमान आहे, आणि पिशवीवर लिहिलेलं वाचावं या मताचा मी आजही आहे. पण त्या संध्याकाळी मी गुपचूप पातं उचललं आणि माझ्या हातच्या चांगल्या पांढऱ्या रेघा खरवडायला बसलो. बाबा घमेल्यात नवा माल कालवत होते. यावेळी नीळ किती टाकायची, हे माय खुर्चीवरून सांगत होती.

त्याच रात्री तिनं मोहगावच्या काकूला फोन लावून घेतला. "येजो. पण जेवाले येजो, मुखवटे न्याले नको. बसतीन इथंच." पलीकडून काकू काहीतरी बोलली. माय म्हणाली, "मले काय झालं व? मले आता चांगलं दिसते."

महालक्ष्म्यांच्या दिवशी घर बायांनी भरून गेलं. डॉक्टरांनी सांगितलेली मनाई संपली होती, तरी मायनं धुराचं काम सुनेला दिलं. स्वतः पुरणाजवळ बसली. जेवणं झाल्यावर पानदान घेऊन बाया स्वयंपाकघरात आल्या, आणि तिथंच घुटमळल्या. काकूनं भिंतीवरून हात फिरवला.

"बाई, ह्या निळ्या रेघा कुठून आणल्या व? नागपूरहून?"

"घरच्याच होय," माय म्हणाली.

"आमच्याकडे बी करून द्या मना ना भासऱ्यायले."

भासरे म्हणजे थोरले दीर, आमचे बाबा, सपरीत पान चघळत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण पुढच्या रविवारी ते मोहगावला जायला निघाले, तेव्हा मी त्यांना पावडरची पिशवी आणून दिली आणि पाण्याचं प्रमाण दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी हो हो म्हटलं. मोटरस्टँडवर बसमध्ये चढताना त्यांच्या खिशातून निळीची पुडी डोकावत होती. मी ती बोटानं आत सारली.