घरघरणारं मशीन

जामखेडचा शांतवन लग्नांत लाउडस्पीकर लावायचा. त्याच्या जुन्या मशीनमध्ये रबरी चाक घासून रेकॉर्डची थाळी फिरायची आणि त्याची घरघर गाण्यात मिसळायची. एकाहत्तर साली त्यानं पुण्याहून पट्ट्यावर चालणारं मशीन आणलं. ते इतकं गुमान चालायचं, की जुन्याचं नाव काढलं तरी शांतवन खवळायचा. “ते मशीन न्हाई, पिठाची गिरणी हाय!”

एका हळदीला ऐन उन्हात नव्या मशीनचा पट्टा ताणून तुटला. नाइलाजानं त्यानं जुनं मशीन लावलं. पहिल्याच गाण्याला घरघर कर्ण्यातून मांडवभर पसरली. शांतवन मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसला.

नवरीची आत्या मनकर्णा तरातरा पुढं आली. “आमी जात्यावर हळद दळताना गानी म्हनायचो. गिरनी आली अन् जातं मुकं झालं. आज गान्यामागं जातं फिरतंय बघ. बंद करू नगंस.”

शांतवनचा जीव भांड्यात पडला.

नवा पट्टा त्यानं आणला, पण तो चर्चमधल्या लग्नांपुरता. हळदीला जुनंच मशीन जायचं. घरघरीला कुणी नाव ठेवलं, की हा खवळायचाच. “घरघर न्हाई, जातं हाय ते!”