गुळाचा खडा

"हात मागे घे. ते पाहुण्यांसाठी आहेत."

साहेबांनी माझ्या हातातला मास्क काढून घेतला. सगळ्यांसमोर. मग बरणीतला गुळाचा खडा माझ्या तळहातावर वरून टाकला. बोट लागणार नाही असा.

"तुमचा हा. रोजचा."

पाहुणे हसले. तोंडं झाकलेली होती, हसणं डोळ्यांत दिसलं.

वाळूजकडची फाउंड्री. लोखंड ओतायला वाळूचे साचे लागतात. साचा फोडला की तीच वाळू पुन्हा चाळायची. ते माझं काम. धूळ अशी, की शेजारची बाई दिसत नसे. भिंतीतले मोठे पंखे ती बाहेर फेकायचे. बाहेर म्हणजे आमची वस्ती. कडुलिंबाची पानं काळी, दोरीवरचं धुणं काळं, भाकरीत कचकच. संध्याकाळी घरी जावं तर धूळ माझ्याआधी पोचलेली.

यावर कारखान्याचा इलाज एकच. शिफ्ट सुटताना गूळ. गुळानं धूळ उतरते म्हणे. भट्टीवरचे रशीदचाचा मायेनं सांगायचे, "खा ले बेटी, सीना साफ रहता."

माझ्या बापानं तिथंच आयुष्यभर गूळ खाल्ला. विश्वासानं. कधी एखादा खडा माझ्यासाठी खिशात घालून आणायचा. मला तो खाऊ वाटायचा.

आता तो बसूनच झोपतो. आडवा झाला की दम कोंडतो. पाहुणे आले त्याच्या आदल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे उजेडात धरला. मी गुळाचं विचारलं. ते म्हणाले, "गूळ पोटात जातो, ताई. धूळ फुफ्फुसात."

अन्नाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी. शाळेत मी त्या दोन्ही नळ्यांचं चित्र काढलं होतं. तरी खात राहिले.

म्हणून त्या दिवशी मास्कला हात घातला. आणि तळहातावर पुन्हा तोच खडा. घामानं चिकट होत चाललेला.

"खा की. गूळ खाऊन गोड बोलायचं असतं."

मी खडा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"माझ्या बापानं लई खाल्ला, साहेब. आता त्याला बोलताच येत नाय."

"मग तुला काय पाहिजे?"

"तुमच्या तोंडावर हाय ते. आम्हा समद्यांना. अन् ती धूळ आमच्या घरावर फेकणं बंद."

"उद्यापासून येऊ नकोस."

मागून टक् असा आवाज झाला. रशीदचाचांनी त्यांचा खडा माझ्या खड्याशेजारी ठेवला होता.

"मेरा बी रखो, साब."

त्यांनाही काढलं.

शहरात औरंगपुऱ्यात जाऊन पत्रकं छापून आणली. रोज शिफ्ट सुटताना मी गेटवर उभी असते. पत्रकावर ठळक एकच ओळ: गूळ परत करा. साहेब गाडीची काच वर करून निघून जातात. सुटलेल्या कामगारांतला कोणी पत्रक घेतो, कोणी मान खाली घालतो. भिंतीतले पंखे फिरतच असतात.

ती धूळ थांबेपर्यंत माझ्या तोंडून गोड शब्द निघणार नाही.