दाखवायला नेतो, म्हणजे कुठे?

आमच्या घरात आजही असे सांगितले जाते की, माझ्या पुतणीचे एक चांगले स्थळ मी नारायणगावच्या एसटी स्थानकावर तोंड उघडून घालवले. धाकटा बंधू हे भरल्या पंगतीत सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात. त्या माना डोलावणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो. म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पुतणी अकरावीत होती. डिंगोरे या आमच्या गावच्या घरात, सगळी माणसे असताना, तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. कसा, हे मी लिहिणार नाही. ते विचारणाऱ्यांना मी तेव्हाही उंबऱ्याबाहेर ठेवले होते. पुण्याच्या रुग्णालयातून घरी सोडताना मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले, ‘‘आता ती हसेल, जेवेल. तुम्हांला वाटेल, बरी झाली. हेच दिवस जपायचे. औषध मनाने बंद करू नका आणि दर महिन्याला दाखवायला आणा.’’

घोटाळा झाला तो या ‘दाखवायला’ शब्दाने. पहिल्याच खेपेला फाट्यावर एका शेजारणीने विचारले, ‘‘पोरीला घिऊन कुठं निघालात?’’ भावजय म्हणाली, ‘‘पुण्याला, दाखवायला.’’ ती बोलली डॉक्टरांविषयी. शेजारीण समजली स्थळाविषयी. ‘‘नोकरीवाला बघा बरं, बागायतीच्या नादी लागू नका,’’ असा सल्लाही तिने दिला. तिची समजूत कोणी दुरुस्त केली नाही. उलट बंधूला हायसे वाटले. वेड्यांच्या दवाखान्यापेक्षा पसंती-नापसंतीची चर्चा त्याला परवडत होती.

परंतु दर महिन्याला दाखवायला नेलेली आणि दर महिन्याला तशीच परत आलेली मुलगी गावाच्या तोंडून सुटेल कशी? ‘‘काय राव, अजून जमंना व्हय? पुण्याची पोरं लई चोखंदळ!’’ कोणी तिच्या रंगाविषयी बोलू लागले, कोणी उंचीविषयी. अखेर बंधू मला म्हणाला, ‘‘दादा, बास आता. बरी झालीय ती. जेवती, टीव्ही बघती. ह्या महिन्याला न्हाई न्यायची.’’

‘‘डॉक्टर कोण, त्या की तू?’’

‘‘आन् बाप कोन, तुमी का मी?’’

उत्तर बिनतोड होते. मी ते मानले नाही. भावजयीने डबा भरला आणि आम्ही तिघे निघालो.

नारायणगावला पुण्याच्या गाडीसाठी रांगेत उभे होतो. ओळखीचा एक आडत्या मागून म्हणाला, ‘‘पावणं, पुन्ना दाखवायला का? आमच्याकडं एक बिजवर हाये, चालंल का?’’ चार माणसे हसली.

घरची कथा अशी की, मी संतापलो आणि ओरडलो. संताप मी नाकारत नाही. परंतु त्याआधी मी वाकून पुतणीला विचारले होते, ‘‘सांगू का खरं?’’ हा प्रश्न कथेतून सोयीस्कर गाळला जातो, आणि तिचे उत्तरही. ती म्हणाली, ‘‘सांगा. न्हाईतरी दर महिन्याला मला नापासच करत्यात.’’

मग मी रांगेला ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘स्थळाला नव्हे, मनाच्या डॉक्टरांना दाखवायला नेतो आहे. आणि त्या पुरे म्हणेपर्यंत नेणार.’’ आडत्या दोन पावले मागे सरकला. खजील झाला की घाबरला, मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी पुतणी डॉक्टरीणबाईंशी एकटीच बराच वेळ बोलली. नंतर आम्हांला आत बोलावण्यात आले. तेच विचार पुन्हा येऊ लागले होते. जेवण, टीव्ही, हसणे, सगळ्याच्या खालून. एका छपराखाली राहून आम्हांला पत्ता नव्हता. औषध बदलले, तिला एकटे ठेवू नका असे सांगितले, आणि पुढची खेप महिन्याने नव्हे, आठवड्याने ठरली. बंधूच्या म्हणण्याप्रमाणे वागलो असतो, तर ही खेप झालीच नसती. बुडालेले ते चांगले स्थळ कोणत्या गावचे, हे मात्र त्याला आजवर सांगता आलेले नाही.

मी तिला वाचवले, असेही काही जण कौतुकाने म्हणतात. त्यांचेही म्हणणे मी खोडून काढतो. मी एक खेप चुकू दिली नाही, इतकेच.

परतीच्या गाडीत भावजयीचा डोळा लागला. पुतणी खिडकीकडे पाहत म्हणाली, ‘‘काका, पुढच्या आठवड्याला पन तुमीच चला.’’

‘‘येतो की.’’

‘‘पन वरडू नका. कुनी इचारलं तर मी सांगीन.’’