माणातला पूल आणि सांगलीची बदली

माण तालुक्यात एका ओढ्यावर पूल बांधायचा होता आणि मी त्या कामावर ओव्हरसियर होतो. बायको आणि लहानगी मुलगी सांगलीला. पूल झाला की तुमची सांगलीला बदली करतो, असं मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं. पण पूल काही होत नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सिमेंट परमिटवर मिळे. ते आलं की वाळू नसायची. वाळू आली की सेंटरिंगची लाकडं ठेकेदाराने दुसऱ्या कामावर नेलेली असायची. ती परत येईपर्यंत मजूर कंटाळून ऊसतोडीला गेलेले आणि शेडमधल्या सिमेंटचे दगड झालेले. असल्या दोन गोण्या मी माझ्या पत्र्याच्या खोलीपुढे पायरी म्हणून टाकल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यावर बसून अर्धवट खांबांकडे बघताना मला रडू यायचं. चक्क रडू.

साहेबांची जीप येणार म्हटलं की मात्र ठेकेदार गावातली माणसं गोळा करून त्यांच्या हाती पाट्या द्यायचा. रिकाम्या पाट्या इकडून तिकडे फिरायच्या. गर्दी बघून साहेब खूश व्हायचे, जीप वळली की माणसं घरी जायची.

सांगलीला गेलो की दुसऱ्या दिवशी मुलगी आपणहून माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवायची. हा माणूस जाण्यासाठीच येतो, अशी तिची समजूत झाली होती. एकदा त्या चपला घालताना माझं डोकंच फिरलं. कामावर परतलो आणि ठेकेदाराला बजावलं, "आधी वाळू, मग लाकडं. ती इथं दिसल्याशिवाय मी लोणंदच्या गोदामातून सिमेंट उचलणार नाही. आणि माणसं सगळ्यात शेवटी."

"आवं सायेब, जीप आली म्हंजी? मानसं न्हाई दिसली तर माजी वाट लागंल की!"

"शिव्या मी खाईन."

आणि खाल्ल्याही. ओढ्यात चिटपाखरू नाही हे बघून साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "काम बंद पाडलंत?" मी मान खाली घालून उभा राहिलो, पण माणसं बोलावली नाहीत. पुढे वाळू पडली, लाकडं आली, त्यामागून सिमेंट आलं, मग मजूर आले. आणि इतकी वर्षं रखडलेला पूल एका उन्हाळ्यात उभा राहिला.

साहेब त्यावरून स्वतः चालत गेले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माणूस असावा तर असा!" आणि तिथंच बदली सांगितली. सांगली नव्हे. माणातच, आणखी आत, दुसरा एक पूल अडकून पडला होता.

"तुमच्याशिवाय तो कुणाला जमणार?"

सांगलीला जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "या वेळी जरा वाईट काम करा."

मला हसू आलं. ती हसली नाही. मुलगी तोवर चपला घेऊन आली होती.