खालच्या रांगेतली बेस

माझा मामा वाद्यांच्या दुकानात काम करतो, मागच्या खोलीत. माझ्यामुळे सगळं दुकान त्याला मामाच म्हणतं. मालकही म्हणतो, आणि मालक त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. मी पुढे काउंटरवर असते. मामाच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती उघडली की शेजारच्या दुकानाची भिंत दिसते. लांब टेबलावर जुन्या ब्लँकेटची घडी, त्यावर उताणी पडलेली एखादी गिटार, मान मोडलेला आणि चिकटपट्टीने सांधलेला टेबललॅम्प, खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू. एकोणतीस वर्षं झाली, त्याचा मुक्काम तिथेच.

त्याचं काम गिऱ्हाइकांना माहीत नसतं, कारण ते माहीत होऊ नये अशीच सगळी व्यवस्था आहे. नवी गिटार कारखान्यातून येते ती वाजवण्याजोगी नसते. तारा मानेपासून इतक्या उंच असतात की दाबताना बोटं कळवळतात. त्यातून बेस गिटार म्हणजे जाड तारांचं प्रकरण. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं हाताला टोचतात. मामा मानेतली सळई किल्लीने पाव फेरा फिरवतो, तारा जिथे टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू बसवतो, तारा खाली घेतो, पट्ट्यांच्या कडांवरून कानस फिरवतो. एका गिटारमागे चाळीस मिनिटं. मग प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून एकेक सूर ऐकतो. एक संपला की पुढचा. दोन सूर जोडून त्याने कधी काही वाजवलेलं मात्र मी ऐकलं नव्हतं.

एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "सोळा वर्षांचा होतो. आईबरोबर दुकानात गेलो होतो बेस घ्यायला. हातात घेतली, पण दाबवेचना. दुकानदार म्हणाला, बोटं आखूड आहेत पोराची, हे त्याचं काम नव्हे. संपला विषय."

आपल्याला चष्मा आहे हे सांगावं तितक्या सहज त्याने हे सांगितलं आणि चहाचा कप उचलला.

दुकानात बेसच्या तीन रांगा भिंतीवर टांगलेल्या आहेत. खालच्या रांगेत स्वस्तातल्या, मधल्या रांगेत त्यांच्या तिप्पट किमतीच्या, आणि वरच्या रांगेत अशा की त्यांना हात लावायचा तर मालक आधी गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघतो. मामाचं मत विचाराल तर खालच्या आणि मधल्या रांगेत खरा फरक आहे. लाकूड बरं, तारा ताणायच्या खुंट्या सैल पडत नाहीत, आवाज उचलणारा भाग चांगला. मधल्या आणि वरच्या रांगेतही फरक आहे, पण तो ऐकायला कान लागतो आणि विकत घ्यायला बाप लागतो. "शिकणाऱ्याला खालची पुरते," तो म्हणायचा. "फक्त सेटिंग नीट पाहिजे."

आणि इथेच मालकाचा नियम. मी नोकरीला लागले त्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं, "खालच्या रांगेला मामाचा हात लागता कामा नये. खालचीच छान वाजायला लागली तर मान वर करून बघेल कोण?"

वर तो हसलाही होता. चार वर्षं मी हा नियम पाळला. लोक यायचे, खालची बेस उचलायचे, बोटं चोळत परत ठेवायचे, आणि मालक मधल्या रांगेतली हातात द्यायचा. ती मामाने तयार केलेली, लोण्यासारखी. लोक म्हणायचे, पैसे टाकले की फरक पडतोच. बोटांना जाणवलेला फरक पैशाचा नसायचाच, चाळीस मिनिटांचा असायचा. हे मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बिलं फाडत होते. माझी लाज मीच सांगितलेली बरी.

मामाला नियम ठाऊक होता, कारण नव्हतं. तो धरून चालला होता की खालच्या गिटारी विकल्या गेल्यावर सेटिंगला येतील. येत कोणीच नव्हतं. त्याने त्याचा अर्थ असा लावला की लोकांना तशाच चालतात. एकोणतीस वर्षं! इतका भोळा माणूस कामात इतका चोख कसा, हे मला कोडंच आहे.

मग एका मंगळवारी बसवाली आली. म्हणजे शहर बस चालवणारी बाई, पन्नाशीच्या आसपासची, अंगात गणवेश, खिशात घडी घातलेला कागद. डेपोतल्या चौघींनी मिळून बँड काढला होता. बेस वाजवणारीची बदली झाली आणि जागा हिच्याकडे आली. दोन महिने ती त्या मैत्रिणीच्या बेसवर शिकली होती. कागदावर तिने आमच्या खालच्या रांगेतल्या बेसची किंमत लिहून आणली होती, आणि तेवढेच पैसे आणले होते.

तिने बेस मांडीवर घेतली. एक सुरावट सुरू केली, अडखळली, पुन्हा सुरू केली. तार खडखडली. तिचं बोट पांढरं पडलं.

मालक पुढे झाला. "बाई, बोटं आखूड आहेत तुमची. खालच्या रांगेतली तुम्हाला नाही जमायची. ही मधली बघा."

"ती नाही परवडायची."

"मग कशाला त्रास करून घेता? सगळ्यांच्या हातात नसतं ते."

तिने बेस ठेवली. स्वतःची बोटं पालथी करून पाहिली, अगदी चूक सापडल्यासारखी. "मैत्रिणीच्या बेसवर जमत होतं," ती हळूच म्हणाली. "तिने माझं मन राखलं असेल." आणि गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे नाहीत म्हणून माणूस परत गेला तर समजू शकते. पण हिला स्वतःचे हात खोटे ठरवून परत पाठवलं होतं! दिवसभर बस फिरवणारे ते हात! मालक जेवायला गेला तशी मी मागच्या खोलीत गेले आणि मामाला सगळं सांगितलं. चार वर्षांचं सगळं.

त्याने किल्ली खाली ठेवली. "बोटं आखूड म्हणाला?"

"दरवेळी हेच म्हणतो. ठरलेलं वाक्य आहे त्याचं."

"आणि लोक गप्प घरी जातात?"

"काही मधली घेतात. बाकीचे जातात."

मामा उठला. पुढच्या दालनात तो सहसा येत नाही. तरातरा आला, बसवालीने ठेवलेली बेस भिंतीवरून काढली आणि मला म्हणाला, "डेपोत जा. तिला सांग, उद्या याच वेळी ये. बोटं घेऊन ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ती आली, यावं की नाही अशा चेहऱ्याने. मामाने तिला आपल्या स्टुलावर बसवलं आणि बेस दिली. कालचीच, त्याच कोपऱ्यावर तोच टवका उडालेली. तिने सुरावट धरली. या वेळी ती अडखळली नाही. पुन्हा वाजवली, मग जोरात वाजवली, आणि मान वर करून म्हणाली, "बदललीत का हो?"

"नाही ताई. कालची दुकानाने अर्धवट दिली होती. ही पुरी."

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं रडेल. ती भडकली होती. "म्हणजे काल रात्रभर मी माझ्या हातांना शिव्या घातल्या, त्या कुणाच्या वाटणीच्या होत्या?"

त्या शिव्यांचा धनी नेमका तेव्हाच दारात उभा होता. मालक जेवून लवकर परतला होता. त्याने बेसवर बोट फिरवलं आणि सगळं ओळखलं. "मामा, हिच्या तारा होत्या तशा वर कर. आत्ता."

मामाने किल्ली त्याच्यापुढे धरली. "तुम्ही करा. मी नीट करायला शिकलो, बिघडवायला नाही."

मालकाने किल्ली घेतली. मानेपाशी नेली. डावीकडे फिरवायची की उजवीकडे, हे त्याला माहीत नव्हतं. आयुष्यभर तो गिटारी विकत आला होता! त्याने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बसवालीकडे. कोणीही त्याच्या मदतीला गेलं नाही. शेवटी किल्ली टेबलावर आपटून तो म्हणाला, "उद्या बघतो तुमच्याकडे," आणि बाहेर गेला. बघणार काय होता? त्याची वरची रांगसुद्धा याच किल्लीवर लटकलेली.

बसवालीने कागदावरची किंमत मोजून दिली. मी बिल केलं. बेस पिशवीत घालण्याआधी तिने ती मामापुढे धरली. "तुम्ही वाजवा ना थोडी. तुमच्या हातची आहे."

"मला नाही येत," मामा हसून म्हणाला. "माझी बोटं आखूड आहेत."

बसवालीने आपला पंजा टेबलावर त्याच्या पंजाशेजारी ठेवला. तिची बोटं त्याच्यापेक्षा चांगली एक पेरभर लहान होती.

मी विचारलं, "मामा, सोळाव्या वर्षी तू कुठल्या रांगेतली घेतली होतीस?"

"खालच्या. आईकडे तेवढेच होते."

"तिच्या तारा कोणी खाली घेतल्या होत्या?"

मामाने टेबलावरची किल्ली उचलली. ती हातात फिरवत बसला. एकोणतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गिटारी वाजत्या केल्या आणि दर गिटारवर एकेक सूर तपासून थांबला, कारण एका माणसाला महागडी बेस खपवायची होती. तो दुकानदार केव्हाच मेला असणार. शिव्या घालायलाही मागे कोणी ठेवलं नाही मेल्याने.

शनिवारी दुकान बंद करायच्या वेळी मामा पुढे आला. खालच्या रांगेतली एक बेस त्याने मागे नेऊन चाळीस मिनिटांनी परत आणली होती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "बिल कर."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्या," मामा म्हणाला आणि पाकीट काढलं.